रेड्याचा कौल

या व्यवहारात सहदेवाला मिळायचे होते ते थोडक्यात असे: वडिलांच्या माडांच्या बागेतली जगणारी अर्धी बाग. मरणारी अर्धी धाकट्या भावाला, काशीरामाला, जायची होती. आणि तीही सहदेवाने त्याच्या गळ्यात मारलेली नव्हे, काशीरामाने स्वतःच्या हाताने उचललेली, वर दादाच्या पाया पडून. पुढे माड मेले तरी बोल लावायला कुणाला जागा नव्हती. उरला देव. पण देवाचेही सहदेवाने बघून ठेवले होते. पाच नारळांत देव सांभाळता येतो असा त्याचा आजवरचा अनुभव होता.

बेत सांगायला सोपा, जमवायला कठीण. कारण कुणकेश्वरच्या अलीकडच्या त्या वाडीत वाटणीची रीत जुनी होती आणि ती कुणीतरी माणसे चांगली ओळखणाऱ्याने घालून दिलेली होती: थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याने एक वाटा बरा नि एक वाईट घातला, तर धाकटा बरा उचलून मोकळा. त्यामुळे वाडीतले थोरले भाऊ पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाने न्यायी होते. म्हातारा माड एक इकडे, एक तिकडे. फणस या बाजूला तर रतांबा त्या बाजूला. आणि मग कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, उचल बाबा, तुका व्हयो तो.

या रितीतून सुटायची वाट एकच होती. धाकट्याला दिसत नाही ते थोरल्याला दिसायला हवे. पंच्याऐंशी सालापर्यंत असली सोय कुठे नव्हती. त्या वर्षी पावसाळा सरता सरता ती एस.टी.ने आली आणि सहदेवाच्याच पडवीत उतरली.

आली म्हणजे डॉक्टर तेंडोलकर आले. माणसांचे नव्हे, झाडांचे डॉक्टर. जिल्हा नवा झाल्यापासून साहेब लोकांचे येणे वाढले होते, पण ते जीपमधून यायचे, माडाला हात न लावता जायचे. हा माणूस टपावरून दोन ट्रंका, एक तिपाई आणि मासळीची पेटी उतरवून घेत होता, आणि राहायला जागा विचारत होता. सहदेव तेव्हा स्टॉपवर उभा होता. त्याने पुढे होऊन जड ट्रंक उचलली. ज्यांनी ते पाहिले त्यांना नवल वाटले, कारण सहदेवाने पानात वाढलेला बांगडा कधी ना कधी परत येतच असे. तो फुकट कुणाला जेवू घालत नसे.

मासळीची पेटी पद्मावतीने, सहदेवाच्या बायकोने, परस्पर चुलीकडे नेली. झाकण उघडून बघते तर आत बर्फ, बर्फात पत्र्याचे डबे, आणि मासळीचे शेपूटही नाही. डॉक्टर धावत आले. ती फिल्म होती. ऊन लागले की नासते, म्हणून त्यांनी देवगडच्या बंदरावरून बर्फ घेऊन तिला मासळीसारखी आणली होती. पद्मावतीने पेटी परत केली खरी, पण बर्फ आणून त्यात पापलेट न ठेवणाऱ्या माणसाबद्दल तिचे मत जे झाले ते झाले.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर डॉक्टरांनी वाडीला काम समजावून सांगितले. माडाच्या शेंड्यात कोंब असतो, त्यात बुरशी शिरते. बाहेरून झावळ्या हिरव्यागार. माणसाला कळते तेव्हा कोंब कुजून लोण्यासारखा झालेला असतो आणि माड हातचा गेलेला असतो. पण तांबड्या रंगाच्या पलीकडे एक उजेड आहे, डोळ्याला न दिसणारा. निरोगी पान तो भरपूर परत टाकते, आजारी पान टाकत नाही. आणि हा चुकारपणा ते फार आधीपासून करते. त्यांच्याकडचा काट्याचा खोका एकेका पानाचा तो उजेड मोजतो आणि कॅमेरा अख्ख्या बागेचा त्या उजेडातला फोटो काढतो. इंग्रजीत त्याला इन्फ्रारेड म्हणतात.

"काय रेडो म्हटलात?" अप्पांनी विचारले. अप्पा म्हणजे देवळाचे मानकरी. गावाचे गाऱ्हाणे देवापुढे तेच घालत, आणि देवाशी बोलून बोलून त्यांना माणसांचे ऐकून घ्यायची सवय राहिली नव्हती.

"रेड, रेड. म्हणजे तांबडा."

"तांच म्हणतंय मी. रेड्यार बसान कोण येता तां आमका शिकवक नको. खंयच्या माडाचा मरण जवळ इला तां रेडो सांगतलो. बरोबर मा?"

डॉक्टर म्हणाले, एका परीने बरोबर. इथेच त्यांचे चुकले. दुसऱ्या दिवसापासून खोक्याचे नाव रेडो पडले. काही जणांनी शंका काढली की खोका कसले भविष्य सांगणार, तर अप्पांनी त्यांना गप्प केले. "पैठणात रेड्यान वेद म्हटल्यान. आमचो रेडो माडांचा सांगूचो नाय कित्याक?"

सहदेवाने त्या सगळ्या व्याख्यानातून दोन गोष्टी उचलल्या: 'आधी कळते' आणि 'तांबड्याच्या पलीकडे'. मधले उजेड परत टाकण्याचे वगैरे त्याने डॉक्टरांना ठेवून दिले. आधी कळते. गणपतीला काशीराम येऊन सांगून गेला होता की मुंबईतला छापखाना मालकाने विकला, आता तुळशीचे लग्न झाले की बायकोला घेऊन कायमचा गावी येतो, आणि दादाला हरकत नसेल तर बागेची वाटणी करून घेऊ. दादाला हरकत होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. एवढी वर्षे अख्खी बाग त्याने आपली म्हणून खाल्ली होती.

बाग सड्याच्या पायथ्याला होती. वर कातळाचा सडा, खाली माड, माडांपलीकडे दर्या. डॉक्टरांनी सड्याच्या कडेला तिपाई रोवली आणि खाली वाकून बागेचे फोटो काढले. सहदेवाने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. फिल्म धुवायला दूर कुठेतरी गेली. ती परत यायच्या मधल्या काळात डॉक्टरांच्या पानात तारल्या आल्या, सुंगटे आली, एकदा तर इसवणही आली. पद्मावती प्रत्येक वेळी नवऱ्याकडे बघत वाढत होती.

दिवाळी झाली आणि एका दुपारी फोटो आले. डॉक्टर जेवत होते. उजवा हात सारात, डाव्या हाताने त्यांनी पाकीट फाडले आणि फोटो पाटाला टेकवून उभा केला. सहदेव भात वाढायला वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याची बाग वरून दिसत होती. दर्याकडची अर्धी तांबडीलाल, पान खाऊन कुणी पिचकारी मारावी तशी. सड्याकडची अर्धी निळसर, मळकट, शांत.

"अरे अरे," डॉक्टर म्हणाले.

एवढेच म्हणाले. मग फोटो पाकिटात घालून त्यांनी हात धुतला आणि सांगितले की नुसत्या फोटोवर बोलणे बरे नाही. ते झावळ्यांचे तुकडे घेऊन जाणार, आपल्या संशोधन केंद्रात खोक्यावर तपासणार, मग अहवाल घेऊन येणार. तोवर कुणाला सांगू नका, लोक घाबरून माड तोडतात. सहदेव शुद्ध मराठीत म्हणाला, "छे, छे. मी कशाला बोलू." साहेबाशी बोलताना तो शुद्धच बोलत असे, आणि त्याच्या मते खोटे शुद्ध मराठीतच चांगले बोलता येई.

डॉक्टर गेले तशी सहदेव ओट्यावर बसला आणि त्याने ताळा जमवला. बुरशीला वाडवडिलांनी नाव काय ठेवले? तांबेरा. का ठेवले? तांबडा असतो म्हणून. शाळेत मास्तर नापासाला कुठल्या शाईने रेघ मारायचे? तांबड्या. आणि तांबड्याच्याही पलीकडे जाते ते कुठे जाते? रेडा तिथूनच येतो. तेव्हा दर्याकडची बाग गेली. सड्याकडची राहिली. सगळा ताळा बरोबर जुळला, आणि जुळलेला ताळा सहदेवाने आजवर कधी दुसऱ्यांदा तपासला नव्हता.

पद्मावतीने भांडी घासता घासता विचारले, "अवो, तांबडा म्हणजे काय तां डॉक्टराकच इचारा मा."

"इचारला की वस्तू म्हाग होता गो."

"मगे इतके दिवस बांगडे कित्याक घातलात तेका?"

याला उत्तर होते, पण बायकोला कळेल असे नव्हते, म्हणून सहदेव उठून गेला.

त्यानंतरच्या दिवसांत वाडीने जे पाहिले त्यावर वाडीचा विश्वास बसेना. सहदेव दर्याकडच्या अर्ध्या बागेत राबत होता. प्रत्येक माडाचे आळे उकरले, शेणखत घातले, वर मासळीचे खत घातले. सुकलेल्या झावळ्या उतरवल्या. दोन वाट्यांमध्ये दगडांचा गडगा घातला, आणि तो असा वळवून घातला की बागेतली एकुलती विहीर दर्याकडच्या वाट्यात पडावी. सड्याकडच्या वाट्यातले रान मात्र त्याने वाढू दिले. तिथे गुडघाभर गवत माजले. सापळ्यात खोबरे लावताना तुकडा मोठा लावायचा, हे उंदीर मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. सहदेवाने अख्खा नारळ लावला.

तुळशीचे लग्न झाले आणि काशीराम आला. बरोबर चंद्रावती, त्याची बायको. काशीराम हा माणूस जन्मभर छापखान्यात खिळे जुळवत आला होता. उलटी अक्षरे वाचून त्याची नजर बारीक झाली होती, पण माणसे त्याला सुलटीच दिसत. चंद्रावतीचे तसे नव्हते. तिने आल्या आल्या बाग बघितली, विहीर बघितली, गडगा कुठे वळतो ते बघितले, आणि नंतर बराच वेळ भावजींकडे बघितले.

वाटणीला अप्पा आले, चार शेजारी आले. सहदेवाने दोन्ही वाटे दाखवले आणि रितीप्रमाणे म्हणाला, उचल. म्हणताना त्याने मान दर्याकडे किंचित कलती केली.

काशीराम हात जोडून उभा राहिला. "माका सड्याकडचो दे, दादा."

सहदेवाला वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही.

"इतकी वर्सां बाग तू राखलंस," काशीराम म्हणाला. "खत तू घातलंस. बरो वाटो तुकाच व्हयो. मी काय, गवत कापून घेतंय."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. अप्पांना गहिवरून आले. सहदेवाच्या पायाखालची जमीन मात्र सड्याकडे सरकू लागली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रितीत हे कुठे बसवलेच नव्हते: धाकटा वाईट उचलील तर काय करायचे?

त्याने समजावले. सड्याकडे पाणी नाही, मुंबईच्या माणसाला नळाची सवय, विहीर जवळ हवी. काशीराम म्हणाला, म्हणूनच विहीर दादाला. सहदेवाने फणस दाखवला; तो खरे तर सड्याकडे होता, पण तोही मी तुझ्या वाट्याला लावतो म्हणाला. काशीरामाचे डोळे भरले आणि त्याने आणखी जोरात नकार दिला. मग सहदेवाने गोठा लावला. मग उखळ. प्रत्येक वस्तूला काशीरामाची कृतज्ञता वाढे, आणि कृतज्ञता वाढली की हट्ट वाढे. जगात असा सौदा पहिल्यांदाच चालला होता, ज्यात विकणारा भाव चढवत होता आणि घेणारा रडत होता.

"बाव माका दिल्यार तू पाणी खंयचा पितलस?" काशीरामाने शेवटी विचारले.

"माका माझे माड पाणी पाजतले," सहदेव म्हणाला. "तू माजो भाव आसस मा? मगे दर्याकडचो उचल. नायतर आजपासून माज्याशी बोलू नको."

असे म्हटल्यावर काशीरामाचा इलाज चालेना. तो दादाच्या पाया पडला आणि दर्याकडचा वाटा उचलला. त्याच्यामागे चंद्रावती पडली. पण पडताना ती पुटपुटली ते सहदेवाला तेवढे ऐकू आले. ती म्हणाली, इतक्या गोडाक मुंगी लागता, भावजी.

आता गाठ पक्की बसायला हवी होती. पुढच्या पावसात माड मान टाकू लागले की काशीराम वाटा बदलून मागायला येणार, हे धरून सहदेवाने अप्पांना आधीच सांगून ठेवले होते की गाऱ्हाणे कडक घाला. अप्पांना कडकच येत असे. त्यांनी देवळापुढे उभे राहून आभाळाकडे हात केले.

"बा देवा म्हाराजा, ह्या दोन भावांची आज वाटणी झाली. जो वाटो जेच्या हातात इलो तो तेचो. दिलेलो परत मागूचो नाय, घेतलेलो परत देवचो नाय. एकाच्या वाट्यातली काडी, पान, फळ, पाणी दुसऱ्यान उचलल्यान, तर तेका तू बघून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सहदेवाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. पाणी हा शब्द अप्पांनी ओघात घातला होता. सहदेवाला तो मुळीच खटकला नाही. उलट त्याने त्याच उभ्या जागी देवाला बोलून टाकले की सगळे सुखरूप पार पडू दे, माझ्या वाट्याच्या माडांचे पाच नारळ तुझ्या पायाशी ठेवतो.

पौषात डॉक्टर अहवाल घेऊन आले. सहदेव पुढच्या दाराने बाहेर आला तेव्हा काशीराम आधीच दारापुढच्या खळ्यात होता. पाहुण्याला विहिरीचे गार पाणी घेऊन आला होता. सहदेवाला हे बरेच झाले असे वाटले. वाईट बातमी काशीरामाने साहेबाच्या तोंडून ऐकावी, आणि आपण फक्त खांद्यावर हात ठेवायला असावे. त्याने तोंड उतरवून तयार ठेवले.

"सहदेवराव, सड्याकडच्या माडांच्या कोंबात बुरशी धरली आहे," डॉक्टर म्हणाले. "वरून अजून काही दिसत नाही, पण खोक्यावर पान न पान आजारी सापडलं."

"दर्याकडच्या म्हणायचंय तुम्हाला."

"नाही हो. दर्याकडची बाग उत्तम." डॉक्टरांनी फोटो काढून पुढे धरला. "बघा, कशी लालबुंद आली आहे. निरोगी पान तो न दिसणारा उजेड भरपूर परत टाकतं, आणि ही फिल्म तो लाल करून दाखवते. जितका लाल तितका माड ठणठणीत. हे सड्याकडचे बघा, मळकट. हे आजारी."

सहदेवाने फोटो हातात घेतला आणि उलटा धरून पाहिला. तांबडे दर्याकडेच राहिले. उतरवून ठेवलेले तोंड आता खरोखरच उतरले, त्यामुळे बाहेरून फरक काही दिसला नाही.

"म्हणजे हा तांबेरा नव्हे?" त्याने विचारले.

"तांबेरा गव्हावर पडतो. पण तुम्हाला नवल का वाटतंय? फोटो तर तुम्ही माझ्याबरोबरच पाहिलात. दिवाळी झाली तेव्हा, भात वाढता वाढता."

हे वाक्य डॉक्टरांनी सहज टाकले आणि ते खळ्यात पडून राहिले. काशीरामाने ते उचलले. खिळे जुळवणारा माणूस, त्याने एकेक अक्षर जागेवर बसवले. दादाने फोटो दिवाळीला पाहिला. वाटणी त्यानंतर झाली. दादाने सड्याकडचा वाटा कुणाला घेऊ दिला नाही. भांडून, अबोल्याचा धाक घालून, विहीर, फणस, गोठा वर देऊन तो आपल्याकडे ठेवला.

पाण्याचा तांब्या त्याच्या हातातून खाली आला. "दादा," तो म्हणाला, "तुका म्हायत होता."

सहदेवाने तोंड उघडले. त्याच्यापुढे दोन वाटे होते, आणि या वेळी उचलायचे त्याला होते. नाही म्हणावे तर खरे काय ते सांगावे लागणार. हो म्हणावे तर मरणारी बाग कायमची आपली. जन्मात प्रथमच त्याला घासाघीस करायला कुणी उरले नव्हते.

"भाव म्हटल्यार..." तो म्हणाला, आणि पुढे काही सुचेना म्हणून तिथेच थांबला. काशीरामाला तेवढे पुरले. तो भर खळ्यात दादाच्या पायांवर आडवा झाला. आत दाराआड पद्मावतीला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि मग कामाचे सांगितले. रोग लवकर सापडला म्हणून उपाय आहे. शेंड्यातले कुजके साफ करायचे आणि कोंबात बोर्डो मिश्रण ओतायचे: मोरचूद, चुना आणि पाणी. अप्पा एव्हाना येऊन पोचले होते. त्यांना ते बोर्डाचे औषध वाटले, आणि बोर्डाने इतक्या वर्षांत गावासाठी काहीतरी केले म्हणून त्यांनी समाधान दाखवले. मोरचूद केंद्राकडून मिळणार होते. चुना घरात होता. "राहिलं पाणी," डॉक्टर म्हणाले, "ते तर तुमच्या विहिरीला बारा महिने."

मग दाराआडून पद्मावती म्हणाली, "बाव दर्याकडे गेली, डॉक्टर."

काशीराम उठून म्हणाला की विहीर दादाचीच, सगळेच दादाचे, आत्ता वाटा बदलू. सहदेवाचा जीव भांड्यात पडला. पण अप्पा उठून उभे राहिले. दिलेलो परत मागूचो नाय, घेतलेलो परत देवचो नाय. गाऱ्हाणे देवापुढे घातलेले होते, ते काय सोसायटीचे टिपण आहे? आणि कडक घालायला सांगितले होते कुणी? अप्पांनी सहदेवाकडे कौतुकाने पाहिले. भावाला पुढे पश्चात्ताप होऊन तो वाटा परत देईल, म्हणून या महात्म्याने आधीच दोर कापून ठेवले होते.

पाण्याचा तिढा मात्र अप्पांनी सोडवला. सहदेवाने काशीरामाच्या विहिरीतले पाणी उचलले तर दोष. पण काशीरामाने आपल्या हाताने शेंदून गडग्यावरून ओतले तर ते दान, आणि दान घ्यायला देव हरकत घेत नाही. फक्त घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायचे आणि प्रत्येक वेळी 'पावला', म्हणजे मिळाले, असे म्हणायचे.

माघ लागेपर्यंत तो सोहळा चालला. गडग्याच्या त्या बाजूला काशीराम पाणी शेंदायचा, या बाजूला सहदेव घागर पुढे धरून उभा. घागर भरली की, पावला. पुन्हा घागर, पुन्हा पावला. माडावर चढून औषध ओतणारे पाडेली वरून ऐकायचे, वाटेने जाणारे थांबायचे, आणि आयाबाया पोरांना आणून दाखवायच्या: बघा, भाव असो व्हयो. ज्याला माडांनी पाणी पाजायचे होते, त्याला माडांनी पाणी पाजलेच. फक्त ज्या अर्थाने त्याला हवे होते त्या अर्थाने नव्हे.

चंद्रावती एकदाच गडग्यापाशी आली. काशीराम विहिरीवर होता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "भावजी, तांबडा म्हणजे बुरशी, असाच वाटला होता मा तुमका?"

सहदेव घागरीत बघत राहिला. "पावला," तो म्हणाला.

"माझ्यान काय कोणाक सांगवना," चंद्रावती म्हणाली. "हेंका इतको बरो भाव मिळालो हा, तो मी कशाक मोडू."

बहुतेक माड वाचले. डॉक्टर खूश होऊन गेले. जाताना त्यांनी बर्फाची पेटी पद्मावतीला भेट दिली, आणि तिने त्याच संध्याकाळी तिच्यात पापलेट ठेवले. राहता राहिले देवाचे पाच नारळ. माझ्या वाट्याच्या माडांचे, असे सहदेव बोलून चुकला होता. आणि त्याच्या वाट्याच्या माडांनी औषधाच्या धसक्याने कोवळी फळे टाकून दिली होती. अप्पांनी इथेही तोड काढली: भावाने दान दिलेला नारळ आपलाच. काशीरामाने पाच काढले, चंद्रावतीने ते निवडून दिले, सहदेवाने दोन्ही हातांनी घेतले आणि जे म्हणायचे ते म्हटले.

पण खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. भावासाठी मरणारी बाग घेणारा माणूस म्हटल्यावर लोक त्याच्याकडे येऊ लागले. कुणाला बियाण्याला भात हवे, कुणाला लग्नाला टोप-हंडे हवेत, देवळाच्या कौलांची वर्गणी पहिली त्याच्याकडे. पूर्वी सहदेवाच्या दारात कुणी काही मागायला येत नसे. ती त्याची वर्षानुवर्षांची कमाई होती. ती एका दुपारीत गेली. आणि नाही म्हणायला तो तोंड उघडी, तोच कुणीतरी म्हणे, सहदेवदादा नाय म्हणूचो नाय.

तेव्हा शेवटचा जमाखर्च असा. फिल्म सरकारची, मोरचूद सरकारचे. बर्फ देवगडच्या बंदराचा. बांगडे, तारल्या, सुंगटे आणि ती एक इसवण सहदेवाची. दर्याकडच्या माडांना घातलेले खत सहदेवाचे, त्यावर आलेले नारळ काशीरामाचे. विहीर, फणस, गोठा, उखळ सहदेवाचे गेले. पाणी शेंदून खांदे दुखले ते काशीरामाचे, पण ते त्याने खर्चात धरले नाहीत. देवाचे पाच नारळ चंद्रावतीने भरले आणि गुपित तेवढे जमा करून ठेवले. रेड्याने कुणाचे काही घेतले नाही. तो खरेच बोलला होता. बाकी सगळे सहदेवाने दिले, आणि शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा अप्पांनी ओवाळणीचे ताट प्रथम त्याच्यापुढेच धरले.